नाव मोठे, लक्षण किती? बेकहॅमविषयीचा एक वाद

डेव्हिड बेकहॅम (जन्म २ मे १९७५, लंडन) हा इंग्लंडचा उजव्या बगलेवरून खेळणारा मिडफिल्डर. १९९२ ते २०१३ या काळात तो मँचेस्टर युनायटेड, रेआल माद्रिद, लॉस एंजेलिस गॅलॅक्सी, एसी मिलान आणि पॅरिस सेंट जर्मेन या क्लबांकडून खेळला. इंग्लंडकडून त्याने ११५ सामन्यांत १७ गोल केले आणि जवळपास सहा वर्षे संघाचे कर्णधारपद सांभाळले. इंग्लंड, स्पेन, अमेरिका आणि फ्रान्स अशा चार देशांत साखळी स्पर्धेचे विजेतेपद मिळवणारा तो पहिला इंग्रज खेळाडू. मात्र त्याचे नाव फुटबॉल न पाहणाऱ्यांपर्यंतही पोहोचले ते केशरचना, लग्न, जाहिराती आणि पोशाख यांमुळे. त्यातून एक प्रश्न उभा राहिला, आणि त्याची निवृत्ती होऊन दशक उलटले तरी तो मिटलेला नाही: बेकहॅमची कीर्ती त्याच्या खेळापेक्षा मोठी होती का?

शास्त्रचर्चेच्या जुन्या रीतीप्रमाणे या वादाचे दोन पक्ष करता येतात. कीर्ती गुणांच्या फार पुढे गेली, हा पूर्वपक्ष. कीर्तीमुळे गुणांची पारखच नीट झाली नाही, हा उत्तरपक्ष. पुढे मुद्द्यांच्या क्रमाने दोघांचे म्हणणे दिले आहे.

गुण आणि उणिवा

पूर्वपक्ष : बगलेवरच्या खेळाडूची पारख ठरलेल्या गोष्टींवर होते. वेग आहे का, समोरच्या बचावपटूला चकवून पुढे जाता येते का, दोन्ही पाय चालतात का, डोक्याने चेंडू मारता येतो का, अंगावर जाऊन चेंडू काढून घेता येतो का. बेकहॅमच्या बाबतीत यांपैकी बहुतेक रकाने रिकामे राहतात. त्याचा डावा पाय शरीर तोलून धरण्यापुरता होता. बचावपटूला मागे टाकील असा वेग त्याच्याकडे कधीच नव्हता. युनायटेडचाच जुना जादूगार जॉर्ज बेस्ट याने यांतल्या काही उणिवा एकेक करून मोजल्या होत्या आणि एवढे सोडले तर पोरगा बरा आहे, अशा अर्थाचा टोमणा मारला होता. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशातला हा प्रकार.

उत्तरपक्ष : उणिवांची यादी खरी आहे, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष खरा नाही. १९९५-९६ ते २००२-०३ या आठ हंगामांत ॲलेक्स फर्ग्युसनने बेकहॅमला युनायटेडच्या मुख्य संघात ठेवले आणि त्यांतल्या सहा हंगामांत संघाने प्रीमियर लीग जिंकली. फर्ग्युसन केवळ चेहऱ्यावर भाळून आठ वर्षे कोणाला खेळवणारा प्रशिक्षक नव्हता. मुळात बचावपटूला चकवण्याची बेकहॅमला गरजच पडत नसे. नेहमीचा बगलेवरचा खेळाडू गोलरेषेपर्यंत धावत जातो आणि मग चेंडू आत टाकतो. बेकहॅम बराच अलीकडे, बचावपटू समोर उभा असतानाच, हातभर फट मिळाली की चेंडू त्याच्या कडेने वळवून सोडत असे. तो चेंडू गोलरक्षक आणि बचावफळी यांच्यामधल्या पट्ट्यात उतरे. गोलरक्षकाने पुढे यावे तर हाती लागेलच असे नाही, मागे थांबावे तर आघाडीवीर पोहोचलेला, अशी ती जागा. प्रीमियर लीगमधल्या त्याच्या २६५ सामन्यांत ६२ गोल आहेत, आणि ८० गोलांआधीचा शेवटचा पास त्याचा आहे. वाळा कथलाचा नव्हता, सोन्याचाच होता. तो किती तोळ्यांचा, एवढाच वाद घालता येईल.

पूर्वपक्ष : तरी तो एकाच रागावर मैफल निभावणारा गवई ठरतो. थांबलेला चेंडू उत्तम मारणे ही एक कला झाली, तिला संपूर्ण खेळ म्हणता येत नाही.

उत्तरपक्ष : तो राग गाणारे किती होते, हेही पाहावे लागेल. प्रीमियर लीगमध्ये थेट फ्री किकवर सर्वाधिक म्हणजे १८ गोल करण्याचा विक्रम बेकहॅमच्या नावावर आहे. तो चेंडूकडे तिरका येई, डावा पाय चेंडूशेजारी रोवी, डावा हात पंख्यासारखा फिरवून शरीर एका बाजूला झुकवी आणि उजव्या पावलाच्या आतल्या कडेने चेंडूच्या मध्याच्या किंचित बाहेर व खाली आघात करी. त्यामुळे चेंडू स्वतःभोवती गरगर फिरत पुढे जातो. फिरणाऱ्या चेंडूच्या दोन बाजूंना हवेचा दाब सारखा राहत नाही, म्हणून त्याची वाट वाकडी होते. भिंत करून उभ्या असलेल्या बचावपटूंना वळसा घालून तो शेवटी खाली उतरतो. हे एकदा साधणे नशिबाचे असू शकते. वर्षानुवर्षे साधणे रियाजाचे असते. सराव संपून इतर खेळाडू निघून गेल्यावरही बेकहॅम चेंडूंची रास मांडून मैदानावर थांबत असे, असे त्याच्या प्रशिक्षकांनी आणि सहकाऱ्यांनी अनेकदा सांगितले आहे. त्याशिवाय त्याचा दुसरा गुण दमाचा. उजव्या बगलेवर वर जाणे आणि मागे येऊन बचावाला हात देणे हे काम तो नव्वद मिनिटे करी. हा गुण छायाचित्रात दिसत नाही, म्हणून टीकाकारांच्या यादीतही येत नाही.

कीर्तीची घडण

पूर्वपक्ष : बेकहॅमच्या कीर्तीचे श्रेय त्याच्या काळाला अधिक जाते. इंग्लंडमध्ये १९६१ पर्यंत फुटबॉलपटूच्या पगारावर आठवड्याला २० पौंडांची मर्यादा होती. ती उठल्यानंतर बेस्टसारखा पहिला ‘पॉप’ तारा जन्माला आला. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, उपग्रह वाहिन्यांचा पैसा आला आणि सामने साऱ्या जगात दिसू लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सतरा वर्षांचा बेकहॅम युनायटेडकडून पहिला सामना खेळला. १९९५ च्या बॉसमन निकालाने करार संपलेल्या खेळाडूला हस्तांतर शुल्काशिवाय क्लब बदलण्याची मोकळीक दिली आणि करारात खेळाडूचे वजन वाढले. पुढे खेळाडूच्या चेहऱ्याचे आणि नावाचे व्यापारी हक्कही करारात वेगळे मोजले जाऊ लागले. या सगळ्या वाटा जिथे एकत्र आल्या तिथे एक देखणा, कॅमेऱ्याला न बुजणारा तरुण उभा होता. ४ जुलै १९९९ रोजी ‘स्पाइस गर्ल्स’मधील व्हिक्टोरिया ॲडम्सशी आयर्लंडमधल्या किल्ल्यात झालेल्या त्याच्या लग्नाची छायाचित्रे एका इंग्रजी साप्ताहिकाने मोठी रक्कम मोजून घेतली. यात फुटबॉल कुठे आहे?

उत्तरपक्ष : लग्नाच्या तीन वर्षे आधी तो आहे. १७ ऑगस्ट १९९६ रोजी, हंगामाच्या पहिल्याच दिवशी, विम्बल्डन संघाविरुद्ध बेकहॅमने मध्यरेषेजवळून गोलरक्षक पुढे आलेला पाहिला आणि तिथूनच चेंडू त्याच्या डोक्यावरून जाळ्यात टाकला. हा गोल दूरचित्रवाणीने हजारदा दाखवला हे खरे, पण दाखवण्याजोगे काहीतरी आधी घडले होते. त्याच हंगामात इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंनी मतदान करून त्याला वर्षातला सर्वोत्तम तरुण खेळाडू निवडले. त्यांना मासिकांच्या मुखपृष्ठांशी देणेघेणे नव्हते. बेकहॅमच्या कौशल्याचा एक विशेष येथे लक्षात घ्यावा लागतो: ते कॅमेऱ्याला सोयीचे होते. फ्री किकच्या आधी खेळ थांबतो, सगळ्यांची नजर एका माणसावर खिळते, कॅमेरा जवळ जातो. मधल्या फळीतल्या खेळाडूने वेळेवर चेंडू अडवला तर असा ठहराव मिळत नाही. म्हणजे कीर्ती गुणांवरच वाढली. फक्त सर्व गुणांना ती सारखी वाढवत नाही.

पूर्वपक्ष : ज्याने त्याला घडवले त्या फर्ग्युसनचेच मत पाहावे. आपल्या हाताखालच्या खेळाडूंपैकी प्रसिद्ध होण्याचा मार्ग जाणूनबुजून निवडणारा बेकहॅम हा एकच, असे त्याने निवृत्तीनंतर लिहिले. फेब्रुवारी २००३ मध्ये आर्सेनलकडून झालेल्या पराभवानंतर ड्रेसिंग रूममध्ये फर्ग्युसनने लाथाडलेला बूट बेकहॅमच्या भुवईवर लागला. काही महिन्यांत क्लबने त्याला विकले.

उत्तरपक्ष : फर्ग्युसनची तक्रार लक्ष विचलित झाल्याची होती, कुवत नसल्याची नव्हती. ज्याच्यात काही नाही त्याच्याबद्दल कोणी हळहळत नाही.

लाल कार्ड आणि त्यानंतर

उत्तरपक्ष : कीर्ती ही केवळ शिडी नसते, ते ओझेही असते. ३० जून १९९८ रोजी विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्ध सेंट एटिएन येथे खाली पडलेल्या बेकहॅमने दिएगो सिमिओनीला पाय मारला आणि लाल कार्ड घेऊन तो बाहेर गेला. इंग्लंड पेनल्टींवर हरले. लंडनमध्ये एका पबबाहेर त्याचा पुतळा फासावर लटकवला गेला. पुढच्या हंगामात परक्या मैदानांवर त्याच्या पायाशी चेंडू आला की हुर्यो उडत असे. त्याच १९९८-९९ च्या हंगामात युनायटेडने लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग ही तिन्ही विजेतेपदे मिळवली. २६ मे १९९९ च्या बार्सिलोनातील अंतिम सामन्यात रॉय कीन आणि पॉल स्कोल्स निलंबित होते, म्हणून बेकहॅमला मधल्या फळीत खेळावे लागले. बायर्न म्युनिक १-० ने पुढे असताना जादा वेळेत युनायटेडने दोन गोल केले. दोन्ही बेकहॅमच्या कॉर्नरवरून आले. त्या वर्षीच्या ‘बॅलन डी ऑर’मध्ये तो रिवाल्डोच्या मागे दुसरा होता. फिफाच्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानातही तो १९९९ आणि २००१ मध्ये दुसरा आला, आणि ती मते राष्ट्रीय संघांच्या प्रशिक्षकांची होती.

पूर्वपक्ष : दुसरा आला, पहिला कधीच नाही. २००१ चे दुसरे स्थानही बरेचसे एका फ्री किकवर उभे आहे. ६ ऑक्टोबर २००१ रोजी ग्रीसविरुद्ध १-२ ने मागे असताना त्याने अखेरच्या मिनिटांत बरोबरी साधली आणि इंग्लंड थेट विश्वचषकाला पात्र ठरले. यानंतर त्याची कीर्ती चढत राहिली आणि खेळ उतरू लागला. २००२ मध्ये पायाचे हाड मोडून नीट भरण्याआधीच तो विश्वचषक खेळला. अर्जेंटिनाविरुद्ध पेनल्टीवर गोल करून त्याने हिशेब चुकता केला खरा, पण पूर्ण बेकहॅम त्या स्पर्धेत दिसलाच नाही. २००४ च्या युरो स्पर्धेत फ्रान्सविरुद्ध आणि नंतर पोर्तुगालविरुद्धच्या शूटआउटमध्ये त्याच्या पेनल्टी वाया गेल्या. त्याच्या नेतृत्वाखाली इंग्लंड कोणत्याही मोठ्या स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीपलीकडे गेले नाही.

उत्तरपक्ष : ग्रीसविरुद्धचा सामना केवळ त्या एका फटक्याचा नव्हता. संघ विस्कळीत असताना बेकहॅम त्या दिवशी आपली बगल सोडून साऱ्या मैदानभर धावत होता. फ्री किक हा त्या धावपळीचा शेवट होता. उपांत्यपूर्व फेरीपलीकडे न जाण्याचा ठपका ठेवायचा तर तो त्या पिढीतल्या सगळ्याच नामवंतांवर ठेवावा लागेल.

माद्रिद

पूर्वपक्ष : कीर्ती आणि खेळ यांतला फरक माद्रिदमध्ये उघडा पडला. २००३ च्या उन्हाळ्यात रेआल माद्रिदचा अध्यक्ष फ्लोरेंतिनो पेरेझ याने सुमारे साडेतीन कोटी युरोंच्या व्यवहारात बेकहॅमला घेतले. उजव्या बगलेवर लुईस फिगो आधीपासून होता, म्हणजे त्या जागेची संघाला नड नव्हती. त्याच उन्हाळ्यात बचावफळीसमोर उभे राहून संघाचा तोल सांभाळणारा क्लॉद मॅकेलेले चेल्सीला गेला. बेकहॅम आल्याबरोबर संघ आशियाच्या दौऱ्यावर निघाला, बीजिंगपासून टोकियोपर्यंत त्याचे नाव लिहिलेले २३ क्रमांकाचे सदरे खपू लागले. २००४-०५ च्या हंगामात उत्पन्नात मँचेस्टर युनायटेडला मागे टाकून रेआल जगात पहिला क्लब झाला. मैदानावर मात्र झिदान, रोनाल्डो, फिगो, राउल आणि बेकहॅम असलेल्या संघाने २००३-०४ च्या लीगमधले शेवटचे पाच सामने सलग गमावले आणि तो चौथा आला. पुढचे दोन हंगामही लीगविना गेले.

उत्तरपक्ष : तोल बिघडवला तो अध्यक्षाच्या खरेदीच्या धोरणाने. त्याचे खापर खरेदी झालेल्या माणसावर फोडता येत नाही. मधल्या फळीत ढकलला जाऊनही तो राबला. त्याची खरी कसोटी शेवटच्या हंगामात लागली. जानेवारी २००७ मध्ये तो अमेरिकेला जाणार हे जाहीर होताच प्रशिक्षक फाबिओ कापेलोने, हा आता आपल्यासाठी खेळणार नाही, असे सांगून टाकले. बेकहॅम गुपचूप सराव करत राहिला. महिन्याभरात, फेब्रुवारीत, कापेलोला निर्णय फिरवावा लागला. परतल्यावर रेआल सोसिएदादविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने फ्री किकवर गोल केला. हंगामाअखेर रेआल आणि बार्सिलोना यांचे गुण सारखे झाले आणि परस्परांतल्या निकालांच्या जोरावर रेआलने लीग जिंकली. त्या फेब्रुवारीत सदरे विकण्याचा प्रश्नच नव्हता, कारण खेळाडू क्लब सोडून चालला होता. कापेलोने त्याला घेतले ते फक्त सामने जिंकण्यासाठी.

अमेरिका आणि पुढे

पूर्वपक्ष : अमेरिकेत जाणे म्हणजे नावाचे पैसे करणे. त्याला सामावून घेण्यासाठी मेजर लीग सॉकरने पगारमर्यादेबाहेर खेळाडू घेण्याचा नियम केला, त्याला लोक ‘बेकहॅम नियम’च म्हणतात. पहिल्या दोन हंगामांत गॅलॅक्सी बाद फेरीपर्यंतही पोहोचले नाही. मधल्या काळात तो उसनवारीवर मिलानला जाऊन खेळला. २०१३ मध्ये तो पॅरिसला गेला तेव्हा तर वयाचे अडतिसावे वर्ष संपत आले होते.

उत्तरपक्ष : २०११ आणि २०१२ मध्ये गॅलॅक्सीने विजेतेपद मिळवले तेव्हा तो संघात होता. मिलानने त्याला दोनदा बोलावले. पॅरिसमधला आपला पगार त्याने मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना दिला. अमेरिकेतल्या करारातच त्याला पुढे अडीच कोटी डॉलरला नवा संघ विकत घेण्याचा हक्क मिळाला होता. २०१८ मध्ये इंटर मायामीची घोषणा झाली, २०२० मध्ये संघ मैदानात उतरला आणि २०२३ मध्ये लिओनेल मेस्सी तिथे आला. २००७ मध्ये १३ संघांची असलेली लीग २०२५ मध्ये ३० संघांची झाली. हे सगळे एकट्या बेकहॅमने केले असे कोणी म्हणणार नाही, पण कीर्ती निव्वळ पोकळ असती तर तिच्यावर एवढी इमारत चढली नसती.

पूर्वपक्ष : इमारत व्यापाराची आहे. कीर्ती खेळापासून सुटी होऊन स्वतंत्रपणे जगू लागली याचाच तो पुरावा. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी मुंबईत वानखेडे स्टेडियमवर भारत आणि न्यूझीलंड यांच्यातला क्रिकेट विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला, विराट कोहलीने पन्नासावे एकदिवसीय शतक केले. त्या दिवशी युनिसेफचा सदिच्छादूत म्हणून भारतात आलेला बेकहॅम सचिन तेंडुलकरसोबत मैदानावर होता. निवृत्त होऊन दहा वर्षे झालेल्या परक्या खेळातल्या माणसाला क्रिकेटच्या गर्दीने ओळखले. त्या गर्दीतल्या किती जणांनी त्याचा एक तरी पूर्ण सामना पाहिला असेल?

तुलना

पूर्वपक्ष : बेकहॅमच्याच वयाचा, त्याच युवा संघातून आलेला पॉल स्कोल्स घ्यावा. युनायटेडकडून ११ वेळा लीग जिंकणारा, खेळाची लय हाती ठेवणारा हा मिडफिल्डर अनेक जाणकारांना बेकहॅमपेक्षा सरस वाटतो. पण तो मुलाखती टाळत राहिला आणि मैदानाबाहेर कोणाला फारसा ठाऊक झाला नाही. कीर्ती गुणांच्या प्रमाणात वाटली जात असती तर हे उलटे दिसले असते.

उत्तरपक्ष : मग दुसरे टोकही पाहावे. टेनिसपटू ॲना कुर्निकोव्हा ही कीर्ती गुणांपुढे गेल्याचे ठरलेले उदाहरण. महिला टेनिसच्या मुख्य व्यावसायिक मालिकेत तिने एकेरीची एकही स्पर्धा जिंकली नाही. तरी ती एकेरीत जागतिक क्रमवारीत आठव्या स्थानी होती आणि मार्टिना हिंगिससोबत तिने ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी दोनदा जिंकली. जिला जग नुसता चेहरा म्हणत होते तिचीही ही पातळी. मग सहा प्रीमियर लीग आणि एक चॅम्पियन्स लीग जिंकलेल्या खेळाडूला त्याच रांगेत कसे बसवता येईल?

निर्णय

या वादात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले आहेत. कीर्ती गुणांपेक्षा मोठी होती का, हा पहिला. गुण थोडे होते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आले म्हणून दुसऱ्याचेही तसेच येते असे नाही. पूर्वपक्ष पहिल्या प्रश्नाचे पुरावे देऊन दुसरा जिंकू पाहतो, आणि उत्तरपक्ष दुसऱ्याचे पुरावे देऊन पहिला टाळतो.

काळाचे तीन टप्पे केले की चित्र स्पष्ट होते. १९९६ ते २००१ या काळात कीर्ती आणि खेळ जोडीने चालले. या वर्षांत बेकहॅम जगातल्या पहिल्या फळीतल्या खेळाडूंपैकी होता, आणि तसे मत देणारे खेळाडू व प्रशिक्षक होते. २००२ ते २००७ या काळात कीर्ती पुढे गेली. खेळ उत्तम राहिला, पण झिदान किंवा रोनाल्डो यांच्या तोडीचा नव्हता, आणि नाव मात्र त्यांच्याहून अधिक घेतले जात होते. २००७ नंतर कीर्ती हा स्वतंत्र व्यवसाय झाला आणि खेळ त्याच्या सोबतीला उरला. पूर्वपक्षाचे बहुतेक दाखले दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातले आहेत. उत्तरपक्षाचे पहिल्या टप्प्यातले, आणि एक २००७ च्या फेब्रुवारीतला.

कीर्तीने बेकहॅमचे काय केले, याचे उत्तर त्यामुळे दुहेरी येते. तिने त्याचा एक गुण, थांबलेला चेंडू मारण्याचा, आहे त्याहून मोठा करून दाखवला, कारण तो पडद्यावर उठून दिसत होता. तिनेच त्याचे बाकीचे गुण, दम, रियाज आणि बगलेवरची न संपणारी ये-जा, झाकून टाकले, कारण ते पडद्यावर दिसत नव्हते. एका बाजूला त्याला सर्वकाळच्या महान खेळाडूंत बसवणे आणि दुसऱ्या बाजूला त्याला नुसता देखणा मॉडेल ठरवणे या दोन्ही चुका एकाच कीर्तीतून निघतात. कीर्तीच्या मापाबद्दल पूर्वपक्ष बरोबर आहे, गुणांच्या मापाबद्दल उत्तरपक्ष.